धीर आणि मांड

घोड्यावरून एकदां जबर पडलेला मनुष्य पुनः रिकिबींत पाय घालण्यास कचरूं लागला, म्हणजे त्यास सल्ला देणारे दोन पक्ष तत्काळ उभे राहतात. एक म्हणतो, "छाती करून एकदां बसून टाका, भीति आपोआप पळेल." दुसरा म्हणतो, "झालें तेवढें पुष्कळ झालें. आतां हा नाद सोडा." दोन्ही पक्ष हितचिंतकच असतात. परंतु दोघेहि एक गोष्ट गृहीत धरून चालतात. ती ही कीं, गेलेला आत्मविश्वास ही चोरीस गेलेल्या दागिन्यासारखी वस्तु आहे. ती हुडकून होती तशी परत आणावी, नाहीं तर तिच्यावर पाणी सोडावें. हें गृहीतच आम्हांस तपासून पाहण्यासारखें वाटतें. प्रश्न केवळ अश्वारोहणाचा नाहीं, हें वाचकांच्या ध्यानांत येईलच. पण आम्ही घोड्यास सोडून फार दूर जाणार नाहीं, कारण इतर ठिकाणीं धैर्याविषयीं वाटेल तें बोलतां येतें, घोड्याच्या पाठीवर तें येत नाहीं.

प्रथम भीतीची बाजू ऐकून घेऊं. सवारीचा घोडा सुमारें ४०० ते ५०० किलो वजनाचा, आणि जन्मतःच भित्रा. रानांत तो हिंस्र पशूंचें भक्ष्य. आधीं पळावें, मग कारण शोधावें, या स्वभावामुळेंच त्याचा वंश टिकला. दिल्लीचा सुलतान कुतुबुद्दीन ऐबक १२१० सालीं लाहोरास चौगान खेळत असतां घोड्यावरून पडून मेला. इंग्लंडचा माजी मुख्य प्रधान सर रॉबर्ट पील १८५० सालीं लंडनमध्यें घोड्यावरून पडला व तीन दिवसांनीं वारला. यांपैकीं कोणीहि नवशिका नव्हता. तेव्हां पडलेल्या माणसाच्या भीतीस मनाची दुर्बलता म्हणणारा मनुष्य बहुधा स्वतः कधीं पडलेला नसतो. पडण्यापूर्वीं जें ठाऊक नव्हतें तें आतां ठाऊक झालें आहे, इतकेंच.

मग पूर्वींचा तो आत्मविश्वास काय होता? ॲरिस्टॉटलनें आपल्या नीतिशास्त्राच्या तिसऱ्या भागांत, शूर दिसणारे पण शूर नसणारे असे जे लोक सांगितले आहेत, त्यांत संकटाची कल्पनाच नसलेल्यांची एक जात आहे. विशींतले बहुतेक स्वार याच जातींत मोडतात, व त्यांत त्यांचा दोष नाहीं. पण ज्यास तो पहिला आत्मविश्वास जसाच्या तसा परत हवा, तो आपलें अज्ञान परत मागत असतो; आणि तें कितीहि प्रयत्न केला तरी मिळावयाचें नाहीं.

आपल्या भाषेनें येथें मोठी सोय करून ठेविली आहे. संकटांत सापडलेल्यास आपण "धीर धर" म्हणतों तेव्हां हिंमत सुचवितों. भुकेल्या मुलास स्वयंपाकघरांतून "जरा धीर धर" म्हणतों तेव्हां थांबावयास सांगतों. इंग्रजींत या दोहोंस दोन निराळे शब्द आहेत, आणि आम्हांसारखे इंग्रजी शिकलेले लोक त्या दोन गोष्टी मनांतहि निराळ्या ठेवूं लागले. गीतेच्या अठराव्या अध्यायांत तामसी धृति तिला म्हटलें आहे, जिच्या योगें दुर्बुद्धि मनुष्य निद्रा, भय, शोक, विषाद आणि मद यांस सोडीत नाहीं. भय आणि मद एकाच यादींत! "बसून टाका" म्हणणारा पक्ष मदास चिकटून, "नाद सोडा" म्हणणारा भयास. आणि गीतेच्या हिशेबीं दोघांचीहि चिकाटी एकाच जातीची.

आमच्या परिचयाच्या एका कुटुंबांतील बाईंचें उदाहरण देतों. वय चाळिशीच्या आसपास, दोन मुलांची आई. लहानपणापासून सवारीची हौस. तीन वर्षांपूर्वीं उडी घेतेवेळीं घोडा ऐन अडथळ्यापाशीं अडला, आणि बाई त्याच्या मानेवरून पुढें फेंकल्या जाऊन खांद्याचें हाड मोडलें. हाड दोन महिन्यांत सांधलें. त्यानंतर त्या तबेल्यापर्यंत जात, जीन कसलेला घोडा पाहत, आणि हातास कंप सुटे. घरांत यजमान पहिल्या पक्षाचे, सासूबाई दुसऱ्या. बाईंनीं बराच काळ कोणाचेंच ऐकलें नाहीं. त्या नुसत्या "पुढच्या महिन्यांत पाहूं" म्हणत राहिल्या. या मुदतींत एक चमत्कारिक गोष्ट घडली. त्यांनीं मोठ्या मुलास पोहण्याच्या वर्गांतून काढलें व धाकटीची सायकल माळ्यावर टाकली. सासूबाईंचा आक्षेप, कीं मुलांच्या आईनें हौसेखातर जीव धोक्यांत घालूं नये, आम्ही हलका समजत नाहीं. घोडा कायमचा सोडणें यांत कमीपणा मुळींच नाहीं. परंतु सोडण्याचा निर्णय करावा लागतो. येथें निर्णय कोणीच केला नव्हता, आणि भीति मात्र मुलांच्या अंगणापर्यंत येऊन पोंचली होती.

पुढें बाईंनीं जें केलें तें दोन्ही पक्षांस पसंत पडलें नाहीं. दोन महिने त्या घोड्यास केवळ खरारा करीत, पाणी दाखवीत व लगाम धरून त्याच्याबरोबर पायीं फिरत. मग एका वयस्क, शांत घोडीवर बसल्या; तीहि शिक्षकानें लांब दोरीवर धरलेली, साध्या चालीनें, पंधरा मिनिटें. एके दिवशीं तर रिकिबींत ठेवलेला पाय तसाच काढून घेतला व घरीं परतल्या. "आज पेट्रोल फुकट गेलें," असें यजमान म्हणाले. आम्हांस तो दिवस सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण दुसऱ्या दिवशीं त्या पुनः गेल्या.

या हळूपणास आणखी एक कारण आहे. तें म्हणजे घोडा. स्वीडनमधील संशोधकांनीं २००९ सालीं एक प्रयोग प्रसिद्ध केला. माणसांनीं घोड्यास ठराविक वाटेनें चार वेळां न्यावयाचें, कोणी हातीं धरून, कोणी वर बसून. चौथ्या खेपेपूर्वीं त्यांस सांगण्यांत आलें कीं, या वेळीं वाटेंत एक छत्री एकदम उघडली जाईल. छत्री कोणीं उघडलीच नाहीं. तरी त्या खेपेस माणसांच्या हृदयाचे ठोके वाढले, आणि घोड्यांचेहि वाढले. दाबून टाकलेली भीति चारचौघांत खपून जाते; घोड्यास ती स्वाराच्या मांड्यांतून व लगामांतून कळते, आणि तो बिचारा समजतो कीं झुडपांत कांहीं तरी दबा धरून आहे. अशा स्थितींत छाती काढून वर बसणें ही त्या मुक्या प्राण्याची फसवणूकच. ग्रीक सेनानी झेनोफन यानें ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकांत, बुजलेल्या घोड्यास मारूं नये, असें अश्वविद्येवरील आपल्या ग्रंथांत बजाविलें आहे; कारण मार बसला म्हणजे ज्या वस्तूस तो बुजला ती अधिकच भयंकर, असें त्यास वाटूं लागतें. घोड्यास इतक्या पूर्वीं मिळालेली ही सवलत स्वारास अद्याप मिळालेली नाहीं. "भित्री कुठली!" हाहि चाबूकच आहे.

जुने शिक्षक पडलेल्यास तत्काळ पुनः वर चढवीत. किरकोळ पडण्यास तें ठीकहि असेल. डोक्यास मार लागला असल्यास आजचे वैद्य तपासणीवांचून बसूं देत नाहींत. शिवाय त्या नियमांत विद्यार्थ्याच्या हिताइतकीच शिक्षकाच्या अब्रूची काळजी असावी, असा आम्हांस जुना संशय आहे.

परत येणारी मांड पूर्वींची नसते. डेन्मार्कच्या लिस हार्टेल यांस १९४४ सालीं पोलिओ झाला व गुडघ्यांखालीं पाय निकामी झाले. पायांनीं इशारा देणें संपलें, तेव्हां पाठीच्या व शरीराच्या भाराच्या हालचालींनीं घोडीशीं बोलण्याची नवी रीत त्यांनीं बसविली, आणि १९५२ सालीं हेलसिंकी येथील ऑलिंपिकमध्यें पुरुषांच्या बरोबरीनें उतरून रौप्यपदक मिळविलें. घोडीवर चढतांना व उतरतांना मात्र त्यांस दुसऱ्याचा आधार लागे.

आमच्या परिचयाच्या बाई आतां मैदानांत दौड करतात, पण अडथळ्यावरून उडी घेत नाहींत. हें भय कीं विवेक, असें आम्हीं एकदां विचारलें. "कधीं हें, कधीं तें; मलाहि रोज सांगतां येत नाहीं," असें त्या म्हणाल्या. धाकटीची सायकल माळ्यावरून खालीं आली आहे, आणि तिनें घोड्याचाहि हट्ट धरला आहे. गेल्या महिन्यांत बाईंनीं तिला डोक्यास शिरस्त्राण घालून त्याच म्हाताऱ्या घोडीवर बसविलें, दोरी स्वतःच्या हातांत घेतली, आणि पहिले चार दिवस तिला फक्त उतरावयास शिकविलें.