समर्थाला किती मोकळीक असावी?

पटावरच्या खेळात एखाद्याच्या वाट्याला इतरांहून फार मोठे सामर्थ्य आले, तर त्या खेळाचे काय होते? प्रश्न करमणुकीचा वाटेल. परंतु न्यायाचा एक जुना पेच त्यात दडलेला आहे.

जेमी स्टेगमायर यांनी रचलेला ‘साइद’ हा खेळ २०१६ साली प्रसिद्ध झाला. साइद म्हणजे लांब दांड्याचा विळा. १९२० च्या दशकातील एका काल्पनिक युरोपात प्रत्येक खेळाडू एकेका राष्ट्राची धुरा वाहतो. राष्ट्र आणि कामांचा फलक या दोन्ही गोष्टी त्याला नशिबाने मिळतात. फलकावर चार रकाने असतात. आपल्या पाळीला त्यांतील एक निवडावयाचा. मात्र लागोपाठ दोनदा तोच रकाना निवडता येत नाही. ‘रुस्व्हिएत’ राष्ट्राला तेवढे हे बंधन नाही. एवढ्याने खेळ बिघडत नाही. पण त्याला ‘इंडस्ट्रियल’ नावाच्या फलकाची जोड मिळाली की इतरांना त्याची बरोबरी करणे अतिशय कठीण होऊन बसते.

कोणी म्हणेल, वाटणी तर निःपक्षपातीपणे झाली, मग तक्रार कसली? परंतु वाटण्याची रीत निर्दोष असली म्हणून वाटलेले ओझेही न्याय्य ठरते असे नाही. दुसरा म्हणेल, बाकीच्यांनी एक होऊन त्याला रोखावे. हा उपाय फुकटचा नाही. लढाईत स्वतःचे बळ खर्च होते. शत्रूच्या कामकऱ्यांना हुसकावले तर लोकप्रियताही घटते. जो लढतो तो मागे पडतो, आणि जो स्वस्थ बसतो त्याचे फावते. अन्याय एकाच्या लाभाचा आणि तो निवारण्याचा खर्च मात्र दुबळ्यांच्या माथी, असा हा व्यवहार होतो.

मग समर्थानेच हात आखडता घ्यावा काय? ही वृत्ती सुंदर आहे. परंतु तेव्हा इतरांचा खेळ त्याच्या मर्जीवर चालतो; आणि मर्जीने मिळालेल्या विजयात समाधान कोणते?

रचनाकाराने काय केले ते पाहण्यासारखे आहे. त्याने राष्ट्राचे सामर्थ्य काढून घेतले नाही, फलकही रद्द केला नाही. ती जोडी तेवढी निषिद्ध ठरवली. ‘क्रिमिया’ राष्ट्र आणि ‘पॅट्रियॉटिक’ फलक यांचीही तशीच. अशी जोडी कोणाच्या वाट्याला आली, तर खेळ सुरू होण्यापूर्वीच फलक बदलावयाचा.

येथे आपल्या विचाराला एक दिशा मिळते. वेगळेपण हा दोष नव्हे. सर्वांना एकाच मापाने कापले तर खेळात गोडी उरणार नाही. दोष त्या संयोगात आहे, जेथे एक सवलत दुसरीला मिळते आणि दोन्हींना आवर घालणारे काहीच उरत नाही. एखाद्या संस्थेत खर्च मंजूर करण्याचा अधिकार आणि हिशेबाची वही एकाच व्यक्तीच्या हाती असते. ती व्यक्ती सज्जन असेल, दोन्ही कामे आवश्यकही असतील. तरीही ती एका हाती असू नयेत. असे सुचवणे म्हणजे कोणाच्या सचोटीवर संशय घेणे नव्हे.

तेव्हा वाचकहो, आपल्या घरात वा मंडळात कोणाच्या हाती काय एकवटले आहे, हे पाळी सुरू होण्यापूर्वी पाहावे. डाव अर्ध्यावर आल्यावर तोच बदल सुचवला, तर तो हरणाऱ्याचा कांगावा वाटतो.