'सॉरी': वेदना आणि उत्तरदायित्व

इंग्रजीतील 'सॉरी' हा शब्द मराठी भाषकांच्या व्यवहारात इतका रुळला आहे की त्याचे परकेपण आता जाणवत नाही. मात्र तो उच्चारणारा नेमके काय करतो, हा प्रश्न केवळ कोशाचा नाही. तो नीतिविचाराचाही आहे.

प्राचीन इंग्रजीत 'सार' म्हणजे वेदना, जखम. 'सारिग' म्हणजे व्यथित. त्यापासून 'सॉरी' सिद्ध झाला. दुःखवाचक 'सॉरो' या शब्दाशी त्याचे नाते सहज गृहीत धरले जाते; परंतु 'सॉरो'चे मूळ निराळे आहे. म्हणजे 'सॉरी'त आरंभी अपराधाची कबुली नव्हती, होते ते केवळ दुखणे. व्युत्पत्ती ही अर्थाची अंतिम निर्णायक नव्हे, हे मान्य करूनही येथे ती एक द्वैत उघड करते. निधनाची वार्ता ऐकून इंग्रजीभाषक हाच शब्द योजतो आणि आपला पाय दुसऱ्याच्या पायावर पडला तरी हाच. पहिल्या प्रसंगी सहवेदना असते, दुसऱ्या प्रसंगी उत्तरदायित्व.

जे. एल. ऑस्टिन यांनी १९५५ साली हार्वर्ड येथे दिलेल्या आणि १९६२ साली ग्रंथरूप झालेल्या व्याख्यानांत हा पेच टिपला आहे. 'मी क्षमा मागतो' असे म्हणणे हीच क्षमायाचनेची कृती होय. 'मला पश्चात्ताप होतो' हे मनःस्थितीचे वर्णन होय. 'सॉरी' या दोहोंच्या मध्ये उभा आहे. या मधल्या जागेतच बोलणाऱ्याला पळवाट सापडते.

ऑस्ट्रेलियातील आदिवासी मुलांना शासनयंत्रणेने कुटुंबांपासून तोडल्याची चौकशी करणारा अहवाल १९९७ साली प्रसिद्ध झाला. त्यात क्षमायाचनेची शिफारस होती. १९९९ साली पंतप्रधान जॉन हॉवर्ड यांनी संसदेत ठराव मांडला. त्यात खेद होता, 'सॉरी' नव्हता. तो शब्द केव्हिन रड यांनी १३ फेब्रुवारी २००८ रोजी संसदेत उच्चारला. खेद आणि 'सॉरी' यांत कोशाच्या दृष्टीने अंतर थोडे. तरीही एक चालला आणि दुसरा नऊ वर्षे टाळला गेला. टाळण्यामुळेच त्या शब्दाला कबुलीचे वजन आले. लक्षणीय गोष्ट अशी की, तेथील आदिवासींच्या इंग्रजीत मृत्यूनंतरच्या शोकविधींनाही 'सॉरी' याच शब्दाने संबोधतात. ज्यांची क्षमा मागायची, त्यांच्याच बोलीत शब्दाची मूळ वेदना जिवंत होती.

येथे मराठीकडे वळणे अप्रस्तुत ठरणार नाही. 'मला क्षमा करा' या वाक्यात क्रियेचा कर्ता समोरचा माणूस असतो. क्षमा करणे वा न करणे त्याच्या हाती राहते. 'सॉरी' म्हणणारा स्वतःविषयीच बोलतो, आणि ऐकणाऱ्याने ते मुकाट्याने स्वीकारावे अशी अपेक्षा ठेवतो. आपण हा शब्द एवढ्या सहजतेने उचलला, त्यामागे ही सोय नसेलच असे म्हणवत नाही.

तात्पर्य, 'सॉरी'चे नैतिक मूल्य वेदनेच्या खरेपणावर ठरते असे मानणे अपुरे आहे. दुखणे खरे असूनही उत्तरदायित्व नाकारता येते. आपण ज्याला दुखावले त्याला नकाराचा अधिकार देऊन जो तो शब्द उच्चारतो, त्याच्याच मुखी तो क्षमायाचना होतो.