बाटली तीच, पण शाई तीच का?

सज्जन वाचकहो, विषय अगदी लहान आहे, हे आधीच सांगून टाकतो. फौंटन पेनने लिहिणाऱ्या माणसाच्या आवडत्या शाईचा रंग बदलला, तर त्याने काय करावे, एवढाच. कोणी म्हणेल, "अहो, जगात दुःखे काय थोडी आहेत, म्हणून तुम्ही शाई घेऊन बसलात?" प्रश्न रास्त आहे. पण मोठ्या दुःखात माणूस सावध असतो, चार माणसे त्याच्याजवळ असतात, शब्द तोलून बोलले जातात. लहान गोष्टीत तो बेसावध सापडतो आणि आपला स्वभाव खरोखर कसा आहे, ते तेव्हाच उघडे पडते. आमचे तसेच झाले, म्हणून हा प्रपंच.

आमच्या वडिलांनी १९६१ साली एक जाड वही घातली. घरातले जन्म, मृत्यू, लग्ने, कोणाचे किती देणे फिटले, कोणत्या साली पाऊस फसला, असे सर्व त्यांनी तीत लिहिले. १९९३ साली ते गेले आणि वही आमच्याकडे आली. तेव्हापासून आम्ही एकाच शाईने त्यात लिहीत आलो. काळसर निळी शाई, तीच बाटली, तेच दुकान. गेल्या वर्षी आमची थोरली बहीण, आक्का, वारली. क्रियाकर्म आटोपल्यावर नोंद करायला वही उघडली. बाटलीत तळाशी जेमतेम बोटभर शाई उरली होती, म्हणून नवी आणवली. एक ओळ कोऱ्या कागदावर ओढून पाहिली, तो ही आमची शाई नव्हेच! रंग उघडा, भडक, त्यात जांभळ्याची झाक. आम्ही वही मिटली. आक्काचे नाव असल्या शाईने लिहायचे नाही, असे मनाशी म्हणालो आणि तडक दुकान गाठले.

तिथे जे बोललो ते आज लिहितानाही हात अडखळतो. दुकानदार आमच्या मुलाच्या वयाचा. त्याला म्हणालो, "तीस वर्षांचे गिऱ्हाईक आहे रे मी. माझ्याशी भेसळ?" तो म्हणाला, "काका, बाटली सीलबंद आहे. मी काय तिच्यात पाणी घालणार?" आम्ही म्हणालो, "घालणारे घालतात." दुकानात आणखी दोघे उभे होते. तो पुढे काही बोलला नाही. पैसे परत देऊ लागला, तेही आम्ही घेतले नाहीत आणि रागारागाने घरी आलो.

रात्री राग उतरला आणि शंका आली. सकाळी आम्ही नीट पारख करायचे ठरवले. एकच कागद घेतला, एकच निब घेतली, ती दर वेळी स्वच्छ धुतली आणि दोन्ही शायांच्या ओळी एकाखाली एक ओढल्या. मग टिपकागदाच्या दोन पट्ट्या कापल्या. खालच्या टोकापासून बोटभर वर एकीवर जुन्या शाईचा व दुसरीवर नव्या शाईचा थेंब दिला आणि टोके वाटीतल्या पाण्यात सोडली. पाणी जसजसे कागदातून वर चढते, तसतसे शाईतले निरनिराळे रंग सुटे होतात. कोणी लवकर वर जातो, कोणी मागे राहतो. जुन्या शाईत निळा वर गेला आणि काळसर पट्टा खाली राहिला. नव्या शाईत निळ्याबरोबर जांभळा निघाला. म्हणजे शाई खरोखरच बदलली होती. आमच्या डोळ्यांचा तो भास नव्हता.

पण गोष्ट इथे संपली नाही. जुन्या बाटलीत वर्षानुवर्षे झाकण उघडझाप होऊन पाणी उडून गेले होते आणि तळची शाई दाट झाली होती. तीत थोडे पाणी घालून ओढली, तर दोहोंतले अंतर पुष्कळ कमी झाले. शिवाय नवी ओळ आम्ही ओली असतानाच पाहून निकाल दिला होता. वाळल्यावर तिची भडकपणाची तीट बरीच उतरली. म्हणजे फरक होता तो काही कारखान्याचा, काही आमच्या बाटलीचा आणि काही आमच्या उतावीळपणाचा. दुकानदाराचा त्यात थेंबभरही नव्हता. आमची तक्रार खरी होती, पण आरोपी खोटा होता.

वाचकहो, ह्या एका वाक्यापाशी आम्ही पुष्कळ दिवस थांबलो. तक्रार खरी असली की माणसाला वाटते, आपला रागही खरा, आणि ज्याच्यावर राग निघाला तो दोषीही खरा. ह्या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. नुकसान झाले हे पाहायला डोळे पुरतात. ते कोणी केले हे ठरवायला विचार लागतो. आणि विचाराला वेळ लागतो, जो राग देत नाही. बहुधा जो समोर असतो आणि उलटून बोलणार नाही, तोच सापडतो. शाई बनवणारा दूर, त्याचा पत्ता लेबलावर बारीक अक्षरांत. दुकानदार मात्र हाताशी.

आता शाई बदलते तरी का, ते पाहू. आपल्याकडे पोथ्या लिहीत ती शाई काजळ आणि बाभळीचा डिंक यांची. काजळ म्हणजे शुद्ध कोळसाच. तो उन्हाने विटत नाही, म्हणून कित्येक शतकांची अक्षरे आजही काळीभोर दिसतात. पण ती शाई बोरूची. झरणीच्या बारीक नळीत घातली तर वाळून बसते. दुसरी शाई लोहाची. मायफळ किंवा हिरडा यांतले तुरट द्रव्य आणि हिराकस यांच्या संयोगाने ती होते. युरोपात शेकडो वर्षे दस्तऐवज हिनेच लिहिले गेले. हिची गंमत अशी की ती लिहिताना फिकी असते आणि हवा लागली म्हणजे काळी होत जाते. लिहिणाऱ्याला लिहिताना अक्षर दिसावे म्हणून तीत निळा रंग घालू लागले. लंडनच्या हेन्री स्टीफन्स यांनी १८३२ साली अशा निळ्या-काळ्या शाईचा कारखाना काढला. तेव्हा ज्या निळ्या-काळ्या नावाला आम्ही एक स्थिर रंग समजून बसलो होतो, ते मुळात एका बदलाचेच नाव आहे: आज निळी, उद्या काळी.

तिसरी शाई कृत्रिम रंगांची. १८५६ साली विल्यम पर्किन या अठरा वर्षांच्या इंग्रज मुलाने क्विनीन करण्याच्या खटपटीत चुकून जांभळा रंग शोधला आणि तेथून रसायनशाळेतल्या रंगांचे युग सुरू झाले. लोहाची शाई आम्ल असल्यामुळे पोलादी निब खाते. म्हणून आज फौंटन पेनच्या बहुतेक शाया पाण्यात विरघळणाऱ्या रंगांच्या असतात. हे रंग शाईवाला स्वतः क्वचितच बनवतो, ते तो दुसऱ्या कारखान्याकडून घेतो. त्याने एक रंग काढायचे बंद केले की शाईची घडी विस्कटते. शाईला बुरशी येऊ नये म्हणून जी औषधे घालतात, त्यांवरही निर्बंध येतात. युरोपात अशा द्रव्यांविषयीचा नवा कायदा १ सप्टेंबर २०१३ पासून लागू झाला. म्हणजे प्रत्येक बदलामागे लबाडीच असते असे नाही. पुष्कळदा नाइलाज असतो.

जगभरच्या झरणीभक्तांना हा अनुभव आहे. वॉटरमन ह्या नामांकित घराण्याने २०१२ च्या सुमारास आपल्या शायांची नावे बदलली. फ्लोरिडा ब्लू होती ती सेरेनिटी ब्लू झाली, साउथ सी ब्लू होती ती इन्स्पायर्ड ब्लू झाली. नाव बदलताच लोकांना रंगही बदलल्यासारखा वाटू लागला आणि जुन्या नावाच्या बाटल्या शोधत माणसे हिंडू लागली. उलट जर्मनीच्या लामी कंपनीने डार्क लायलॅक नावाची गडद जांभळी शाई २०१६ साली थोडक्या प्रमाणात काढली होती. ती २०२४ साली त्याच नावाने पुन्हा आली, तेव्हा जुने वापरणारे म्हणाले, "नाव तेच, पण ही ती नव्हे." एकीकडे रूप राहून नाव गेले, दुसरीकडे नाव राहून रूप गेले आणि दोन्हीकडे माणूस सारखाच बेचैन झाला. ह्यावरून आम्हांला वाटते की आपली ओढ नुसत्या नावाचीही नसते आणि नुसत्या रूपाचीही नसते. ओढ असते ती आपल्या सवयीची, 'काल होते तसेच आज असावे' ह्या भरवशाची.

हा भरवसा तरी किती जुना? आमच्या शाळेच्या दिवसांत शाईच्या वड्या मिळत. १९३१ साली मुंबईत दांडेकर बंधूंनी घोडा छाप शाईची पूड आणि वड्या काढल्या. पुढे उंट छाप शाईने आणि कॅम्लिनच्या नावाने ते घराणे सर्वांना ठाऊक झाले. वडी दौतीत टाकायची, पाणी घालायचे, काडीने ढवळायचे. पाणी कमी पडले तर शाई गडद, जास्त पडले तर फिकी. सोमवारची शाई शुक्रवारी तशीच निघावी, अशी कोणाची अपेक्षाच नव्हती. कारखान्याने आपल्याला सारखेपणाची सवय लावली, मग आपण त्या सारखेपणाला आपला हक्क म्हणू लागलो.

येथे कोणी असे समजू नये की आम्ही शाईवाल्यांचे वकीलपत्र घेतले आहे. सारखेपणा हा जन्मसिद्ध हक्क नसेल, पण खरे सांगणे हे विकणाऱ्याचे कर्तव्य आहेच. आतला माल बदलायचा आणि वरचे नाव तसेच ठेवायचे, हे सरळ वागणे नव्हे. ज्या नावावर गिऱ्हाइकाने वर्षानुवर्षे विश्वास टाकला, ते नाव एकट्या कारखान्याचे राहत नाही. 'घटक बदलले आहेत, रंगात फरक पडेल' एवढी एक ओळ छापायला किती शाई लागते? आम्ही कारखान्याला तसे पत्र लिहिले, शिवी न देता, दोन्ही पट्ट्या सोबत जोडून. उत्तर येवो न येवो, तक्रार योग्य दारी गेली, याचे समाधान झाले.

आता वापरणाऱ्याने काय करावे? काही जण बातमी लागताच दहा-वीस बाटल्या घरात भरून ठेवतात. दोन बाटल्या ठेवल्या तर त्याला दूरदृष्टी म्हणू. पण आयुष्यात संपणार नाही एवढी शाई कपाटात कोंडली म्हणजे दुसऱ्या कोणाची तरी वही अडते, आणि शाई कपाटातही दाटते, कधी बुरशी धरते. काही जण दोन शाया मिसळून जुना रंग साधू पाहतात. त्यात मजा आहे, पण आधी वेगळ्या बाटलीत चार दिवस ठेवून गाळ बसतो का ते पाहावे, नाहीतर पेन जाते. काही जण दुसरी शाई शोधतात. हे सर्व करावे, खुशाल करावे. आवड असणे हा दोष नाही. ज्याला कशाचीच आवड नाही त्याला तोटा कळत नाही, पण म्हणून तो विरक्त ठरत नाही. मात्र आवडीपायी कर्तव्य अडले की समजावे, पेन आता आपल्या हातात नाही, आपण पेनच्या हातात आहोत.

आमचे तेच झाले होते. शाईच्या ह्या घोळात आक्काच्या नोंदीला अकरा दिवस उशीर झाला. शेवटी तारखा ताडून पाहायला म्हणून वडिलांची पाने चाळली आणि खजील झालो. आम्ही ज्याला 'वहीचा रंग' म्हणत होतो तो वहीत कुठेच नव्हता! काही पाने करडी, काही निळी, काही फिकी पडलेली. १९७२ च्या दुष्काळाची नोंद चक्क पेन्सिलीने. धाकट्या काकांच्या मृत्यूची नोंद लाल शाईने, त्या दिवशी घरात दुसरी नसावी. वडील थांबले नव्हते. जे हाताशी होते त्याने त्यांनी लिहिले, कारण लिहिणे जरूर होते. तीस वर्षे ती वही आमच्यापुढे होती आणि आम्हांला हे दिसले नव्हते.

त्याच बैठकीत आम्ही नव्या शाईने आक्काची नोंद केली. तिने आम्हांला कडेवर घेऊन शाळेत पोचवले होते, तेही एका ओळीत लिहिले.

मग दुकानात गेलो. त्या दिवशीसारखेच गिऱ्हाईक उभे होते, ते बरेच झाले. चारचौघांत बोललेला शब्द चारचौघांतच परत घ्यावा. आम्ही म्हणालो, "बाबा, चूक माझी होती. तुझा काही दोष नव्हता." तो थोडा संकोचला, मग हसला आणि म्हणाला, "काका, पुढल्या वेळी आधी शाई वाळू द्या, मग या."

वाचकहो, त्याचे म्हणणे आम्ही गाठीशी बांधले आहे. आपणही बांधावे, एवढीच विनंती.