सातबाऱ्यावर न दिसणारी खोली

मराठीत ‘बांध’ या एका शब्दाकडे दोन कामं आहेत. एक बांध मालकीची हद्द दाखवतो, दुसरा पाणी अडवून माती धरतो. पहिल्यावरून भावकीत पिढ्यान्‌पिढ्या दावे चालतात. कुणी वीतभर बांध कोरला, तर कुऱ्हाडी निघतात. पण डोंगरउतारावरच्या शेतातून एका पावसाळ्यात गाड्याच्या गाड्या माती ओढ्याला जाते, तेव्हा कुणी तलाठ्याकडे धावत नाही. सातबाऱ्यावर क्षेत्र तेवढंच राहतं. सातबारा लांबी-रुंदीचा हिशेब ठेवतो, खोलीचा नाही.

याला अज्ञान म्हणणं सोपं आहे. पण उताराला आडवं नांगरावं, हे सह्याद्रीतल्या शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. अडचण न्यायाची आहे. समजा, तीन भावांची उताराची जमीन आहे. माथ्याला मुरूम, पायथ्याला खोल माती. आडवी वाटणी केली, तर एकाच्या पदरी नुसता मुरूम येणार. म्हणून उभी वाटणी होते : प्रत्येकाला थोडा माथा, थोडा पायथा. भावाभावांत याहून रास्त काय असेल? पण अरुंद उभ्या पट्टीत आडवा नांगर वळवायला जागा उरत नाही. तो उताराच्या दिशेनं चालतो आणि प्रत्येक सरी पाण्याची वाट होते. वाटणीला जे हजर होते, त्यांना न्याय मिळाला. गैरहजर होती ती नातवंडं आणि खालचं गाव.

धुपीचं गणित अभियंत्यांनी मांडलेलं आहे. विशमायर आणि स्मिथ यांच्या समीकरणात पाऊस, मातीचा प्रकार, उताराची लांबी, त्याची तीव्रता, पीक आणि बांधबंदिस्तीसारखे उपाय या घटकांचा गुणाकार करून वर्षाला किती माती जाईल, याचा अंदाज काढतात. पाऊस आपल्या हातात नाही, उताराची लांबी आहे : समपातळी बांध घातले की एका लांब उताराचे अनेक आखूड उतार होतात. पण या गणिताशेजारी एक शब्द येऊन बसतो – ‘सह्य धूप’. अमेरिकेत खोल मातीसाठी ही मर्यादा एकरी ५ टन, म्हणजे हेक्टरी सुमारे ११ टन धरली गेली. हेक्टरभरातला एक मिलिमीटरचा थर साधारण १३ टन भरतो. म्हणजे वर्षाकाठी मिलिमीटरही जात नाही, पण शंभर वर्षांत आठ सेंटिमीटर जातात. जिथे मुळात वीतभरच माती आहे, तिथे हे सह्य कुणाला? समीकरणात याचं उत्तर नाही.

मग माती राखायची कुणी? बांधाखाली जागा वरच्याची जाते, मजुरी वरच्याची लागते. खालच्याच्या विहिरीला पाणी येतं, धरणात गाळ कमी येतो. अशा वेळी वरच्याला काळ्या आईच्या सेवेचा उपदेश करणं ही लबाडी आहे. या प्रश्नाचं एक प्रामाणिक उत्तर १९७०च्या दशकात हरियाणात सापडलं. चंडीगडचा सुखना तलाव शिवालिकच्या टेकड्यांवरून येणाऱ्या गाळानं भरत होता. मृदसंधारण संस्थेतले पी. आर. मिश्रा त्या टेकड्यांवर गुरं चारणाऱ्या सुखोमाजरी गावात गेले. तिथे मातीचे छोटे बंधारे झाले आणि त्यांच्या पाण्यात भूमिहीन घरालाही सारखा वाटा मिळाला. चराईबंदी मग गावानंच पाळली. टेकडी राखण्यात आता प्रत्येक घराचं काहीतरी होतं.

माती राखणं हा त्यागाचा प्रश्न नाही, वाट्याचा आहे. ज्यांच्यापर्यंत पाणी पोचतं, त्यांनी वरच्या बांधाच्या मजुरीतला आपला हिस्सा उचलायला हवा. आणि त्या तीन भावांची उभी वाटणी राहिली, तरी एकच समपातळी बांध तिन्ही पट्ट्यांतून सलग जाऊ शकतो. त्यासाठी तिघांचा होकार एकाच वेळी लागतो. एकानंच बांध घातला, तर अडलेलं पाणी हद्दीशी गोळा होतं आणि भावाच्या शेतात ओघळ पाडतं. हद्दीचा बांध एकट्यानं भांडून राखता येतो. मातीचा बांध तसा राखता येत नाही.