दोन तारा कमी

कॅलिफोर्नियात सॅन दिएगोजवळ पोवे नावाचं गाव आहे. तिथे १९९२ साली तीन पोरांनी बँड काढला. टॉम डिलाँग गिटार वाजवायचा, मार्क हॉपस बेस आणि वयाने सगळ्यांत लहान असलेला स्कॉट रेनर ड्रम. गाणी पंकच्या वेगाची होती, चाली मात्र चटकन ओठांवर बसणाऱ्या. बँडचं नाव त्यांनी ब्लिंक ठेवलं. त्याच नावाचा एक बँड आयर्लंडमध्ये आधीपासून होता. त्यांनी हरकत घेतली, तेव्हा पोरांनी नावापुढे १८२ हा आकडा जोडून टाकला. आकड्याचा अर्थ कोणी विचारला की ते दर वेळी नवीन काहीतरी सांगायचे.

त्यांचा पहिला अल्बम १९९५ साली आला. तो त्यांनी तीन दिवसांत उरकला होता. मग ते व्हॅनमध्ये वाद्यं भरून गावोगाव वाजवत हिंडले. हळूहळू ऐकणारे वाढले आणि १९९६ मध्ये एमसीए या मोठ्या कंपनीने त्यांच्याशी करार केला. पंकच्या दुनियेत मोठ्या कंपनीकडे जाणं म्हणजे विकलं जाणं, असं मानणारे पुष्कळ होते. दुसरा अल्बम चांगला झाला नसता, तर त्या सगळ्यांना बोलायला जागा मिळाली असती.

अल्बमसाठी गाणी लिहिणं चालू होतं. मार्कच्या हाती एक साधी गिटार होती आणि तिच्या सहापैकी दोन तारा नव्हत्या. उरलेल्या चार तारांवर तो सूर चाचपत बसला. चार तारांवर फार करामत करता येत नाही. चाल सापडली तीही तशीच सोपी, एकदा ऐकली की डोक्यात फिरत राहणारी. तिच्यावर त्याने शब्द बसवले. प्रेम मोडतं आणि माणसाला मोठं व्हावं लागतं, एवढाच गाण्याचा विषय होता. गाण्याचं नाव ठेवलं ‘डॅमिट’.

त्या वर्षी डिसेंबरात तिघं एन्सिनिटासच्या स्टुडिओत गेले. ध्वनिमुद्रणाची सूत्रं मार्क ट्रॉम्बिनोकडे होती. तो स्वतःही ड्रम वाजवणारा होता. या वेळी तीन दिवसांची घाई नव्हती, हाताशी काही आठवडे होते. पण अडचणी रांगेने आल्या.

आधी पाय. स्कॉटच्या दोन्ही पायांना दुखापत झालेली होती. ड्रमवाल्याचं अर्धं काम पायांत असतं. एका पायाने पॅडल दाबावं तेव्हा मोठ्या ड्रमवर ठोका पडतो आणि दुसरा पाय झांजांची जोडी उघडतो-मिटतो. त्यात या गाण्यांची लय धावती, दम खाऊ न देणारी. तरी तो ड्रमपुढे बसला आणि त्याने आपला वाटा वाजवून पुरा केला.

मग गळे. गाणारे दोघं होते आणि दोघांचेही आवाज त्रास देऊ लागले. मार्कला गळा तापवून घेण्याची सवय नव्हती आणि सिगारेट तर सतत ओठांत. त्यात त्या चार तारांवर सापडलेल्या गाण्याची पट्टी त्याच्या गळ्याला उंच पडत होती. गळा इतका बसला की डिसेंबरातला शेवटच्या आठवड्याचा बेत रद्द करावा लागला. काम थांबलं. उरलेलं काम जानेवारीत पुरं झालं.

१९९७ च्या जूनमध्ये ‘ड्यूड रँच’ या नावाने अल्बम बाहेर आला. ‘डॅमिट’ रेडिओवर वाजू लागलं. बिलबोर्डच्या मॉडर्न रॉकच्या यादीत ते अकराव्या क्रमांकापर्यंत चढलं. त्यातला मार्कचा आवाज खरखरीत, ताणलेला, वरच्या सुराला जेमतेम पोचणारा आहे. नुकतंच कोणी सोडून गेलेल्या पोराचा आवाज असाच असणार, असं ऐकणाऱ्यांना वाटलं. अल्बमच्या पाच लाखांहून जास्त प्रती अमेरिकेत खपल्या. १९९८ मध्ये ड्रमवाला बँडमधून बाहेर पडला. दुसऱ्याच वर्षी नव्या ड्रमवाल्यासह आलेल्या तिसऱ्या अल्बमने बँडला जगभर नेलं. पण त्या यशाची वाट ज्या अल्बमने मोकळी केली, त्यावरचा ठोका जुन्या मित्राच्या दुखऱ्या पायांचा होता.

नाचता येईना अंगण वाकडे म्हणणारे आपण रोज पाहतो. या तिघांचं अंगण खरोखरच वाकडं होतं आणि तरी ते नाचले. पण एवढ्याने गोष्टीचा बोध संपत नाही. तारा कमी होत्या तेव्हा मार्क थांबला नाही. गळा बसला तेव्हा मात्र सगळे थांबले, कारण फाटक्या गळ्यावर आणखी जोर केला असता तर पुढे गायलाच आवाज उरला नसता. काही उणिवा कामात मिसळून जातात आणि त्याला स्वतःचा रंग देतात. काही उणिवांना विश्रांती आणि वेळ द्यावाच लागतो. हातातली उणीव या दोहोंपैकी कोणती, हे ज्याला वेळेवर ओळखता येतं, त्याचं काम पुरं होतं.