पुढे झुडपे, मागे मैदान



रियाधला नवा असताना, तिशीत, मी केसरोपण करून घेतले. कपाळावरची रेघ कॉलेजच्या फोटोइतकी खाली हवी, हा हट्ट माझाच. रोवलेले केस टिकले. ते डोक्याच्या मागचे, सहसा न गळणारे. पण त्यांच्यामागचे मूळचे गळतच राहिले. आता पुढे झुडपांची रांग, मध्ये मैदान, आणि दुरुस्तीला मागे पुरेसे केस शिल्लक नाहीत. दर शुक्रवारी घरच्या वंदनेत अनिच्चा म्हणणाऱ्या इंजिनिअरने उरलेले केस कायमचे धरून हिशेब केला होता!

श्रामणेराला प्रव्रज्येच्या वेळी ध्यानासाठी आधी केसच देतात. लोम, नखे, दात, त्वचा नंतर. मला हे पाठ होते, एवढेच.

पश्चात्ताप मात्र सल्ल सुत्तातला दुसरा बाण. तो मीच रोज मारून घेत होतो. गेल्या शुक्रवारी वंदनेला टोपी काढून बसलो.