बिलियन म्हणजे किती?

मतं बदलतात, आकडे बदलत नाहीत, असं आपण शाळेपासून धरून चाललो आहोत. ‘बिलियन’ या रोजच्या इंग्रजी शब्दाचा इतिहास मात्र वेगळं सांगतो. विसाव्या शतकात बराच काळ ब्रिटनमध्ये बिलियनवर बारा शून्यं होती आणि अमेरिकेत नऊ. भाषा एक, शब्द एक, आणि फरक हजारपटीचा.

यातला जुना अर्थ बारा शून्यांचा. निकोला शुके या फ्रेंच गणितज्ञाच्या १४८४च्या हस्तलिखितात तो सापडतो: मिलियनचा मिलियनशी गुणाकार म्हणजे बिलियन. सतराव्या शतकात काही फ्रेंच गणिती तीन-तीन शून्यांनी पुढे सरकू लागले आणि बिलियन नऊ शून्यांवर आला. अमेरिकेने ही पद्धत उचलली, ब्रिटनने जुनीच ठेवली. अखेर १९७४मध्ये पंतप्रधान हॅरल्ड विल्सन यांनी संसदेत लेखी उत्तर देऊन अमेरिकी अर्थ मान्य केला. जग तोच अर्थ घेतं, आमच्या मंत्र्यांनी वेगळा घेतला तर घोळ होईल, असा त्यांचा मुद्दा होता. हा निकाल गणिताने नव्हे, व्यवहाराने लावला. जर्मनीत ‘बिलियोन’ला आजही बारा शून्यं आहेत, आणि फ्रान्सही १९६१ साली अधिकृतपणे जुन्या अर्थाकडे परतला.

आपल्याकडेही असंच घडलं आहे. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त अर्बुद म्हणजे दहा कोटी आणि अब्ज म्हणजे शंभर कोटी. अर्बुदावरून आलेला हिंदीतला ‘अरब’ मात्र शंभर कोटींचा झाला. त्यापुढचे खर्व, निखर्व, महापद्म तर व्यवहारातून उठूनच गेले. आज अर्थसंकल्प ‘लाख कोटी’त बोलतो. हे लाख कोटी म्हणजेच बारा शून्यं, ब्रिटनने सोडून दिलेला बिलियन.

शब्दाचा अर्थ असा हजारपटीने हलला, तरी रस्त्यावरच्या माणसाचं काही अडलं नाही. का? कारण पाच आणि सहा यांतला फरक हाताला कळतो, पण नऊ शून्यं आणि बारा शून्यं यांतला फरक कशालाच कळत नाही. एका मर्यादेपलीकडे संख्येचं नाव मोजत नाही, ते फक्त ‘खूप’ एवढंच सांगतं. काळाच्या मापात घातलं तरच अंतर दिसतं. दहा लाख सेकंद म्हणजे साडेअकरा दिवस, नऊ शून्यांचा बिलियन सेकंद म्हणजे जवळपास बत्तीस वर्षं आणि बारा शून्यांचा म्हणजे सुमारे बत्तीस हजार वर्षं.

या न कळण्याचा फायदा घोषणा करणाऱ्याला होतो. शंभर कोटींची योजना ऐकून टाळ्या पडतात. तीच रक्कम २०११च्या जनगणनेतल्या सव्वाअकरा कोटी महाराष्ट्रीयांत वाटली तर माणशी नऊ रुपयेही येत नाहीत. शंभर कोटी एखाद्या तालुक्यासाठी असतील तर भरघोस, राज्यासाठी असतील तर चहाचे पैसे.

म्हणून मोठा आकडा सांगणाऱ्याला शून्यं किती, हे विचारून भागत नाही. किती माणसांसाठी आणि किती वर्षांत, हेही विचारलं पाहिजे. ही दोन उत्तरं न देता फेकलेला आकडा हिशेब नसतो, विशेषण असतं.